उजव्या पायाच्या त्रेसष्ट चपला

माझी मावशी क्षमा करणाऱ्यांतली नव्हती. लोक हे एखादा दोष सांगावा तसं सांगतात, मी कौतुकानं सांगते आहे. आमच्या घराण्यात क्षमा करणारी माणसं पुष्कळ होऊन गेली आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर दुसऱ्यांनी निवांत मिरी वाटली. मावशीनं एका माणसाला अकरा वर्षं पाण्यात पाहिलं, आणि शेवटी त्याला त्या पाण्यानंच पकडून दिलं.

त्या माणसाला सगळे मुकादम म्हणायचे. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, बंदरात त्याच्या हाताखाली लॅशिंगचं काम करत. जहाजाच्या डेकवर कंटेनर एकावर एक चार-चार, पाच-पाच मजले रचतात. ते समुद्रात हलू नयेत म्हणून त्यांना लोखंडी रॉड तिरके लावायचे आणि खालचे आटे पान्यानं आवळायचे, हे ते काम. चार माणसांची टोळी असायची आणि काका टोळीचे प्रमुख होते. एक ओळ बांधून झाली की काका परत पहिल्या रॉडपासून चालत निघायचे आणि प्रत्येक रॉडवर पाना मारायचे. घट्ट रॉड टणकन वाजतो, ढिला नुसता ठप्प करतो. टोळीतली बाकीची तिघं तोवर खाली उतरून हातपाय धुवत, आणि मुकादम खालून ओरडायचा, "झालं का वाजवून? जहाज न्यायचंय, लग्नाला नाही जायचं!"

नियम असा होता की टोळीनं बांधायचं, मुकादमानं बघायचं, मग दोघांनी कागदावर सही करायची आणि मगच जहाज सोडायचं. प्रत्यक्षात सही सकाळीच व्हायची, चहाच्या टपरीवर, कोऱ्या कागदावर. काम संपेपर्यंत टोळी डेकच्या एका टोकाला दमून पडलेली असायची, मुकादम दुसऱ्या जहाजावर असायचा आणि ऑफिस बंद व्हायला आलेलं असायचं. मग कोण कुणाला शोधत बसणार? वीस वर्षं सगळ्यांनी अशाच सह्या केल्या. काकांसारख्या, एकेक रॉड वाजवून बघणाऱ्या माणसानंही केल्या. रॉडवर विश्वास ठेवला नाही आणि कागदावर ठेवला, ही त्यांची चूक. मी ती झाकत नाही.

ज्या दिवसानं सगळं बिघडवलं त्या दिवशी चार कंटेनर उशिरा आले. पांढरे, निळ्या पट्ट्याचे. ते डेकच्या पुढच्या ओळीत ठेवले. काकांच्या टोळीनं दुसरी ओळ बांधून, वाजवून संपवली होती आणि ते पुढच्या ओळीकडे निघाले होते. भरतीची वेळ टळत होती. मुकादमानं खालून शिट्टी मारली आणि सांगितलं, उतरा, पुढचे चार वाटेत खलाशी बांधतील. काका म्हणाले, अर्धा तास द्या. मुकादमानं दिला नाही. जहाज सुटलं.

चौथ्या दिवशी भर समुद्रात वादळ झालं. पुढची न बांधलेली ओळ सरकली आणि दुसऱ्या ओळीवर आदळली. दुसऱ्या ओळीतले नऊच्या नऊ कंटेनर घेऊन ती समुद्रात गेली. एका खलाशाचा पाय गुडघ्यापासून गेला.

चौकशी झाली तेव्हा काकांच्या सहीवर, सकाळी जिथं कोरी जागा होती तिथं, मुकादमाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: "पुढची ओळ रिकामी. दुसरी ओळ पूर्ण बांधली." बुडालेल्या कंटेनरांची बंदरातली यादी त्याच कागदावरून केलेली, म्हणून नऊचीच होती आणि नऊही काकांच्या ओळीतले. म्हणजे रॉड ढिले राहिले, दुसरं काय? काकांनी सांगितलं की पुढं चार पांढरे कंटेनर होते आणि ते बांधलेले नव्हते. साहेबांनी विचारलं, पुरावा? टोळीतली बाकीची तिघं मूग गिळून बसली. त्यांना पोरंबाळं होती. काकांनाही होती, पण ते कुणाला सुचलं नाही.

काकांची नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं नाव गेलं. बंदरावर त्यांना 'ढिल्या' म्हणू लागले, आणि असली नावं घरापर्यंत पायी चालत येतात. माझ्या मावसभावाला शाळेत ढिल्याचा पोरगा म्हणायचे, मला ढिल्याची भाची. मी एकीचे केस ओढून हातात दिले होते. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

मुकादमाला मात्र बढती मिळाली. तो बंदराचा सुरक्षा अधिकारी झाला! चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण इथं चोराला बोंबा मारायचा पगार मिळायला लागला. दर वर्षी नव्या भरतीच्या कामगारांना तो शेडमध्ये बसवून भाषण द्यायचा. त्यात 'ढिल्याची गोष्ट' ठरलेली: एक माणूस आळशी होता, त्यानं रॉड नीट आवळले नाहीत, आणि एका गरीब खलाशाचा पाय गेला.

काका लाकडाच्या वखारीत फळ्या रचायला जाऊ लागले. ते बंदराबद्दल बोलायचे थांबले आणि हळूहळू बाकीच्या गोष्टींबद्दलही. मावशीचं उलट झालं. ती आधी शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात होती, पंख्याखाली बसून. ते चांगलं काम सोडून तिनं नगरपालिकेच्या किनारा सफाईत नाव घातलं. सकाळी सहा ते अकरा, हातात लांब दांड्याचा पंजा, पाठीला गोणी. माझी आई म्हणाली, "अगं, डोकं फिरलं का तुझं? सावलीतलं काम सोडून कचरा उचलणार?"

"त्यांनी समुद्रात टाकलंय ना सगळं?" मावशी म्हणाली. "समुद्र काय त्यांच्या बापाचा नोकर आहे लपवून ठेवायला?"

ही कल्पना तिला माझ्या शाळेतल्या भूगोलाच्या बाईंनी दिली होती. बाई शेजारच्याच गल्लीत राहायच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर नकाशा होता आणि त्यावर समुद्रात निळे नि तांबडे बाण होते. मावशीनं त्यांना जहाज कुठं होतं ते चौकशीच्या कागदावरून वाचून दाखवलं. बाईंनी तिथं बोट ठेवलं आणि बाणाबाणानं फिरवत नेलं. वर, मग लांब पलीकडं, मग खाली, मग परत आमच्याकडं.

"समुद्राला वाटा असतात," बाई म्हणाल्या. "तरंगणारी वस्तू त्या वाटेनं गोल फिरते. तिसऱ्या वर्षी इथं येईल, नाही तर पुढच्या फेरीला, नाही तर त्याच्या पुढच्या. कधीच येणार नाही असंही होईल. मी खोटी आशा नाही लावणार तुम्हाला."

"आशा कुणाला हवीय?" मावशी म्हणाली. "मला तो माणूस हवाय."

कपाटाच्या दाराला आतून तिनं बुडालेल्या नऊ कंटेनरांची यादी चिकटवली. टायर, प्लास्टिकचे टब, लाकडी खुर्च्या, रंगाचे डबे, नायलॉनचे दोर, असं सगळं. हिशेब सरळ होता. किनाऱ्यावर जे यादीतलं येईल ते काकांच्या ओळीतलं, ते उपयोगाचं नाही. जे त्याच जहाजातलं असेल पण यादीत नसेल, ते पुढच्या ओळीतलं. तेवढंच तिला पाहिजे होतं.

तिसऱ्या वर्षी टब आले. लाल, कडा झिजलेले, आत शेवाळ आणि शिंपले धरलेले. बाई हरखून गेल्या. मावशीनं टबाला लाथ मारली. चौथ्या वर्षी दोन खुर्च्यांच्या पाठी आल्या. तेव्हा एवढं पक्कं झालं की त्या जहाजाचा माल याच वाटेनं येतो. बाकी जगाचा कचरा येतच होता: बाटल्या, बाहुलीचे हात, दाढीचे ब्रश, दिव्यांचे होल्डर. मावशी प्रत्येक वस्तू उलटीसुलटी करून बघायची. तिच्याबरोबरच्या बायका गोण्या भरून घरी जायच्या आणि ही अकरा वाजून गेले तरी ओंडक्याखाली वाकलेली. मुकादमाची गाडी कधी किनाऱ्याच्या रस्त्यानं जायची. मावशी पंजा टेकवून उभी राहायची आणि गाडी वळेपर्यंत बघायची. एकदा त्यानं काच खाली करून विचारलं होतं, "वहिनी, बरं चाललंय ना?"

"चाललंय," मावशी म्हणाली होती. "तुमचीच वाट बघतेय."

नवव्या वर्षी पहिली चप्पल आली. हिरवी, रबरी, अंगठ्याची, उजव्या पायाची. तळाला शिंपले चिकटलेले, पण टाच झिजलेली नाही. म्हणजे कुणी कधी घातलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी तशीच दुसरी आली, तीही उजवी. महिन्याभरात एकोणीस झाल्या. सगळ्या एका साच्यातल्या आणि सगळ्या उजव्या. मावशीनं सगळा किनारा पालथा घातला पण डावी एक मिळाली नाही. बाईंनी सांगितलं की डावी आणि उजवी पाण्यावर वेगवेगळ्या तऱ्हेनं तरंगतात, वारा त्यांना वेगवेगळ्या बाजूला ढकलतो, म्हणून जोडी फुटते. "म्हणजे डाव्या कुठं तरी असतीलच," बाई म्हणाल्या.

घरात कॉटखाली चपलाच चपला झाल्या. शेजारीण म्हणाली, "एक जोड मला द्या की."

"डावी मिळाली की कळवते," मावशी म्हणाली. शेजारणीनं तरी दोन उजव्या मागून नेल्याच, आणि आठवडाभर ती एका बाजूला कलत चालत होती. मावशी त्या दोन परत घेऊन आली. पुरावा होता तो.

चपलेच्या तळाला कारखान्याचं नाव होतं आणि बारीक आकड्यांत मालाचा नंबर. बाईंनी कारखान्याला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. शेवटी मावशीनं एक चप्पलच पार्सलनं पाठवून दिली, शिंपल्यांसकट. त्याचं उत्तर आलं. तिथल्या कुणा जुन्या कारकुनानं मनापासून लिहिलेलं पत्र होतं. या नंबरचा सगळा माल चार पांढऱ्या कंटेनरांमधून अमुक तारखेला अमुक जहाजावर चढवला होता, तो समुद्रात बुडाल्याचं जहाज कंपनीनंच आम्हाला लेखी कळवलं होतं, त्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. आणि खाली एक ओळ होती: याच मालाच्या डाव्या चपला जगाच्या पार दुसऱ्या टोकाला एका बेटावर सापडल्याचं पत्र आम्हाला तीन वर्षांपूर्वी आलं होतं, तेव्हा आम्ही सगळे खूप हसलो होतो.

मावशी हसली नाही. तिनं पत्र दोनदा वाचून घेतलं, घडी घातली आणि म्हणाली, "आता त्याचं भाषण कधी आहे?"

बाईंचं मत होतं की कागद आधी मोठ्या साहेबांकडे द्यावेत. माझंही तेच मत होतं. मावशी म्हणाली, "साहेबाच्या खोलीत दार लावून तुझ्या काकांचं नाव गेलं होतं का? शेडमध्ये गेलं, चारचौघांत. तिथंच परत घेणार." खरं सांगायचं तर मलाही ते बघायचंच होतं.

भाषण सकाळी दहाला होतं. त्या वर्षी कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं आणि जुन्या टोळ्यांनाही. पत्र्याचं शेड, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढं टेबलावर हेल्मेट नि रॉड मांडलेले. मावशी नगरपालिकेचा निळा कोट घालून, पाठीला गोणी घेऊन शेवटच्या रांगेत बसली. मी शेजारी होते. फाटकावरच्या माणसाला वाटलं, सफाईवाल्या आल्या असतील. मुकादम जाड झाला होता, केस काळे केलेले होते. बोलता बोलता तो ढिल्याच्या गोष्टीवर आला. एक माणूस आळशी होता... मी मावशीकडे पाहिलं. ती शांतपणे ऐकत होती, सबंध गोष्ट, खलाशाच्या पायापर्यंत. मग मुकादमानं विचारलं, "काही शंका?"

मावशी उठली, पुढं गेली आणि तिनं गोणी टेबलावर उपडी केली. त्रेसष्ट चपला. हेल्मेटं खाली पडली, रॉड गडगडले, नव्या भरतीची पोरं हसायला लागली.

"शंका एवढीच," मावशी म्हणाली, "की पुढची ओळ रिकामी होती, तर ह्या कुठून आल्या?"

मुकादम हसला. "वहिनी, चपला काय, समुद्रात कुणाच्याही असतात—"

मावशीनं पत्र काढलं आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. कारखान्याचं नाव, नंबर, चार पांढरे कंटेनर, तारीख, जहाज, आणि कंपनीची नक्कल. शेडमधला एकही माणूस हसत नव्हता. मुकादम म्हणाला, "याबद्दल ऑफिसमध्ये बोलू आपण." आणि तेव्हा मागच्या रांगेतून काकांच्या टोळीतला एक जण उठला, ज्याला सगळे उंच्या म्हणायचे. तो आता म्हातारा झाला होता.

"पुढची ओळ भरलेली होती," उंच्या म्हणाला. "बांधलेली नव्हती. दुसरी ओळ आम्ही बांधली होती, आणि हिच्या नवऱ्यानं सगळे रॉड वाजवले होते. मी ऐकलंय."

अकरा वर्षांनी! मला त्याचा आनंद होण्याऐवजी संताप आला. मावशीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे मुकादमावर होते, आणि मुकादमाच्या चेहऱ्याचा रंग जाताना ती असं बघत होती जसं एखादी बाई दूध उतू जाईपर्यंत मुद्दाम बघत बसते.

पुढचं पटापट झालं. नवी चौकशी लागली, मुकादमाला घरी बसवलं, कोऱ्या कागदावर सह्या घेणं बंद झालं. काकांच्या नावानं कंपनीचं पत्र आलं की तुमची काही चूक नव्हती. मावशीला ते पुरलं नाही. तिनं मुकादमाला निरोप पाठवला: घरी येऊन, त्यांच्या तोंडावर सांगा, नाहीतर मी रोज तुमच्या दारात येऊन त्या चपला ओतीन. तिनं तसं केलंच असतं, हे मुकादमालाही माहीत होतं.

तो रविवारी आला. काका खाटेवर बसले होते. मुकादम उंबऱ्याबाहेरच थांबला आणि म्हणाला, "झालं ते फार वाईट झालं."

"झालं नाही," मावशी म्हणाली. "तुम्ही केलंत. तसं म्हणा."

"मी केलं," मुकादम म्हणाला. "पुढची ओळ मी न बांधता सोडली. कागदावर नंतर मी लिहिलं. तुझे रॉड घट्ट होते."

काका म्हणाले, "बसा. पाणी घेता?" मावशीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मुकादमानंच पाणी नको म्हटलं आणि तो जिना उतरून गेला. तो रस्त्याला लागेपर्यंत मावशी खिडकीत उभी होती. मग ती वळली. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "तुमचे रॉड घट्ट होते! त्याच्या तोंडानं!"

"ते मला माहीत होतं," काका म्हणाले. "मीच बांधले होते. आणि तुला पहिल्या दिवशी सांगितलंही होतं."

मावशीनं खिडकीचं दार ओढून घेतलं.

"तू काय म्हणालीस, आठवतं? म्हणालीस, नीट आठवा, एखादा राहिला असेल, खाली सही तर तुमचीच आहे." काका अगदी हळू बोलत होते, रागानं नाही. "मुकादम खोटं बोलतो हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. त्याचं मला काय? तू रोज सकाळी जायचीस तेव्हा मी इथं पडून विचार करायचो, ही त्याला पकडायला जाते की मला तपासायला?"

मला वाटलं मावशी चिडेल. अकरा वर्षं उन्हातान्हात कचरा उपसून हे ऐकायचं म्हणजे काय. पण ती स्टुलावर बसली आणि तिनं खरं सांगितलं.

"आधी तुम्हाला," ती म्हणाली. "पहिली चार वर्षं. मग आपण ही खोली घेतली आणि टेम्पोवर सामान तुम्ही बांधलंत. सबंध रस्ता खड्ड्यांचा, आणि आरशाला चरासुद्धा गेला नाही. तेव्हा मला पटलं. त्यानंतर फक्त त्याला."

काका म्हणाले, "चारच? मला वाटलं होतं, अकराच्या अकरा."

मावशी रडायला लागली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते आणि मला काय करावं ते सुचेना. ती मुकादमाच्या नावानं शिव्या देत रडत होती, नोकरीबद्दल नाही, नावाबद्दल नाही, त्या चार वर्षांबद्दल, की मेल्यानं माझ्याच तोंडून तुम्हाला तसं विचारायला लावलं. काका तिच्या पाठीवर हात ठेवून "जाऊ दे, जाऊ दे आता" म्हणत होते.

"नाही जाऊ देणार," मावशी म्हणाली. "ती चार वर्षं तो कशी परत करणार आहे?"